दोन चुंबकं कमी

लेकीची उद्या रंग जुळवायच्या क्यूबची स्पर्धा, म्हणून तिचा क्यूब दुरुस्तीला उघडला. त्यातल्या मसुराएवढ्या चुंबकांच्या ओढीनंच फिरवलेला थर टक्कन जागेवर बसतो. पण अठ्ठेचाळीसऐवजी सेहेचाळीसच भरली. घर उलटंपालटं केलं, दोन मिळेनात.

"अहो, बाळ इथंच रांगत होतं!" बायको किंचाळली.

पोटात दोन चुंबकं चिकटली, की मधलं आतडं चिमटतं. दोन्ही मुलांना घेऊन दवाखान्यात धावलो.

डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला. "बाळाच्या पोटात काहीही नाही."

आम्ही हुश्श केलं.

 

तेवढ्यात लेकीनं माझा शर्ट ओढला. "बाबा, आता माझा एक्स-रे काढायला सांग ना. मला उद्या स्पर्धेला जायचंच नव्हतं."