चांगली केस

सोनालीला ठोके सापडेनात. तिने सोनोग्राफीचा प्रोब चंचलच्या बेंबीखाली दाबला, डावीकडे सरकवला, तिरपा धरला. पडद्यावर बाळाचं डोकं दिसलं, पाठीचा कणा दिसला, छातीही दिसली. छातीत जे फडफडायला हवं होतं, ते मात्र निपचित पडलं होतं.

"ताई, तुम्ही खान्देशना शेत का?" टेबलावर आडवी पडलेली चंचल विचारत होती. पहिलटकरीण, सातवा महिना.

"हो. अमळनेरनी."

"मंग बरं. मनं बोलनं तुम्हले समजी. तो परवापासून हालत नही. आत्याबाई म्हनतस, झोपेल शे."

सोनालीने पडदा हळूच आपल्याकडे वळवला आणि शिकवणाऱ्या देसाईसरांना हाक मारली.

सुरतेतल्या या सेंटरवर सोनालीसारखे नवे डॉक्टर सोनोग्राफी शिकायला येत. दर बुधवारी गोडादऱ्याच्या वस्तीतल्या बायका येत, कारण बुधवारी तपासणी फुकट असे. फुकट कसली डोंबलाची? शिकणाऱ्यांना पोट द्यावं लागे. एरवी ही मंडळी एकमेकांच्या पोटावर जेल चोपडून मूत्रपिंडं शोधत बसत, पण गरोदर पोट काही आपापसांत मिळत नाही.

सरांनी प्रोब हातात घेतला. एकदा फिरवला, थांबले, पुन्हा फिरवला. मग त्यांनी दार उघडून बाहेर आवाज दिला, "सगळे आत या. चांगली केस आहे."

सगळी बॅच आत आली. सरांनी इंग्रजीत समजावलं. हृदय बंद, कवटीची हाडं एकमेकांवर सरकलेली, म्हणजे दोनतीन दिवस तरी होऊन गेले. पुस्तकात वाचता ते हे, म्हणाले. मग एकेकाने प्रोब घेतला. शुभमला नीट दिसेना, तर सरांनी त्याचा हात धरून दाखवलं. पूजाने पडद्याचा फोटो काढू का विचारलं. सर म्हणाले, काढ, फक्त नाव येऊ देऊ नकोस. प्रत्येक जण तिच्या पोटावर थंड जेल नव्याने ओतत होता, आणि चंचल प्रत्येकासाठी पदर आणखी थोडा वर घेत होती.

"इतला डॉक्टर माले दखाले उनात?" तिने सोनालीला विचारलं.

"शिकतस त्या," सोनाली म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

"शिकू द्या ना. सरकारी दवाखानामा कोनी हातबी लावत नही." चंचल हसली. तिला खरंच बरं वाटत होतं. इतकं लक्ष तिच्याकडे लग्नातसुद्धा कुणी दिलं नसेल.

सोनालीला तिथून पळून जावंसं वाटलं. तिने सरांना कोपऱ्यात गाठलं. "सर, तिला सांगायला हवं."

"सांगतील ना मोठ्या हॉस्पिटलमध्ये. चिठ्ठी देतो, आजच जा म्हणून लिहितो. त्यांना सवय असते."

"पण सर, तिने मलाच विचारलंय."

"बेटा, बाहेर बायका बसल्यात. एक रडायला लागली की बाकीच्या उठून जातील, पुढच्या बुधवारी कुणी येणार नाही. मग शिकणार कुणावर?" सर चिडले नव्हते. उलट मायेनेच बोलत होते, आणि तेच जास्त वाईट होतं. "तुला तिची भाषा येते. गोड बोलून काढ तिला बाहेर."

सरांच्या सहीशिवाय मशीनला हात लावायचा परवाना मिळणार नव्हता. सोनालीचं लिंबायतला दवाखाना टाकायचं ठरलं होतं, जागाही बघून झाली होती. ती मूग गिळून परत टेबलाशी आली. चंचलचं पोट पुसताना तिने ते गरजेपेक्षा जास्त वेळ पुसलं. तेवढं तरी करावं, असं तिला वाटलं.

बॅच बाहेर पडली तशी चंचलची सासू, तिची आत्याबाई, आत आली. सरलाबाई बाहेर दाराशी बसली होती, एकामागून एक डॉक्टर आत जाताना तिने पाहिले होते. तिने सुनेला उठवून बसवलं, केस सारखे केले, खाली वाकून चपला पुढे ठेवल्या.

ते बघून सोनालीचा संयम सुटला. सही गेली खड्ड्यात. चंचल पायात चपला घालून, रिक्षात बसून, अर्ध्या सुरतेतून हसत जाणार आणि तिथे कुणीतरी परका तिला हिंदीत सांगणार. निदान आपल्या बोलीत तरी कळू दे.

"मावशी," ती म्हणाली. "बाळनं..."

सरलाबाईने चटकन पुढे होऊन तिच्या तोंडावर हात ठेवला. साड्यांना टिकल्या चिकटवून चिकटवून बोटांवर गोंद वाळला होता, त्याचा वास सोनालीच्या नाकात गेला.

"सांगू नको, माय. कायदा शे. तुनी नोकरी जाई." सरलाबाईने आवाज अगदी बारीक केला. डोळे तिचे लकाकत होते. "माले समजनं. इतला डॉक्टर उगीच उनात का? पोऱ्या शे."

मागे चंचल लाजून पदर सारखा करत होती.

म्हातारीचा हात हलकाच होता. सोनालीने तो बाजूला केला नाही.