थ्रेलगार्थ नावाचे अकरा जण

पाचवा नंबरही बंद निघाला. हमदुल्ला बुरोंडकरने मोबाइल टेबलावर पालथा ठेवला आणि चष्मा काढून डोळे चोळले. अजून किती राहिलेत, असं त्याने लेकीला विचारलं.

"वन मोअर," लायबा लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाली.

आखातातल्या फुजैरा बंदरात जहाजांना तेल पुरवणाऱ्या एका कंपनीत हमदुल्ला सत्तावीस वर्षं कारकून होता. कामगारांचे व्हिसे, त्यांची आजारपणं, आणि कुणी गेलंच तर मय्यत घरी पाठवणं, हे सगळं त्याच्याकडे. रत्नागिरीकडचा माणूस असला की फार अवघड जात नसे. आडनाव ऐकलं की गाव कळायचं, गाव कळलं की मोहल्ला. तासाभरात कुणाचा तरी चुलता फोनवर रडत असायचा.

थ्रेलगार्थसाहेबांचं तसं झालं नाही. जुने इंग्रज इंजिनियर. एकवीस दिवसांपूर्वी जेट्टीवरून परतताना गाडीतच गेले. कागदोपत्री नातेवाईक म्हणून बायकोचं नाव होतं, पण ती सहा वर्षांपूर्वीच वारली होती. मूलबाळ नाही. वकिलातीने आधी शोधतो म्हणून कळवलं, मग सापडत नाही म्हणून कळवलं. साहेब शवागारातच होते. तिथला माणूस दर दोन दिवसांनी फोन करून नातेवाइकाचं पत्र मागायचा, आणि हमदुल्ला दर वेळी इन्शाल्ला म्हणायचा. आता त्याला तो शब्द उच्चारायचाही कंटाळा आला होता.

आज शनिवार. दुपारची जेवणं झाल्यावर लायबाने साहेबांचं आडनाव एका साइटवर टाकलं. कुठलं आडनाव, स्पेलिंगच्या थोड्याफार फरकासकट, जगात कुठे नि किती, हे दाखवणारी साइट. नकाशा उघडला तर जवळजवळ सगळा कोरा. इंग्लंडच्या उत्तरेला डोंगरात एक तांबडा ठिपका, आणि खाली समुद्राकाठी एक त्याहून बारीक. दीडशे वर्षांपूर्वी त्या एका खोऱ्यात या आडनावाची त्रेसष्ट माणसं होती. आता सगळ्या जगात अकरा.

"साहेब गेले. आता दहा," हमदुल्ला म्हणाला.

लायबाने पुढे वाचलं. तिकडच्या जुन्या बोलीत गार्थ म्हणजे कुंपण घातलेलं आवार, आणि थ्रेल म्हणजे वेठीला धरलेला माणूस. "म्हणजे स्लेव्हचं अंगण, अब्बा," ती म्हणाली.

सत्तावीस वर्षांत साहेब एकदाही सुट्टीवर घरी गेलेले हमदुल्लाला आठवत नव्हते. ईदला ते त्याच्याकडे सांदणं खायला यायचे, पोरांशी खेळायचे. गावाचा विषय निघाला की प्यायला पाणी मागायचे.

अकरांपैकी सहा जणांचे नंबर लायबाला मिळाले होते. शेवटचा त्या डोंगरातला. तिने लावून दिला आणि फोन बापाच्या हातात ठेवला. बऱ्याच वेळाने एका म्हाताऱ्या बाईने उचलला. हमदुल्लाने आपल्या ऑफिसच्या इंग्रजीत सगळं सांगितलं: कंपनी, साहेब, एकवीस दिवस. बाई म्हणाली, असल्या नावाचा कुणी तिला ठाऊक नाही. तसदीबद्दल माफी मागून तो फोन ठेवणार, तेवढ्यात तिने विचारलं, त्याच्या आडनावात एल किती?

हमदुल्लाने पासपोर्टची झेरॉक्स डोळ्यांजवळ धरली. "दोन."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग बाई सांगू लागली, सावकाश, जणू खूप दिवसांत कुणाशी बोललीच नव्हती. तिच्या पणजोबांचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं मेंढ्यांच्या कुरणातल्या एका दगडी बांधावरून भांडण झालं. धाकटा समुद्राकडे निघून गेला. आपल्याला कुणी त्या घरातलं समजू नये म्हणून त्याने आडनावात एक एल वाढवला. तेव्हापासून एका एलवाले दोन एलवाल्यांच्या मातीला जात नाहीत. लहानपणी बाजारात त्यांच्यातला एक जण समोरून आला, तेव्हा वडिलांनी तिचं तोंड दुसरीकडे फिरवलं होतं.

"समुद्राकडचे ते सगळे एकेक करून गेले, असं ऐकून होते. म्हणजे त्याचं माझ्याहून जवळचं कुणी उरलेलं नाही," ती म्हणाली. पत्र पाठवा, मी सही करते. पण त्याला इकडे धाडू नका. ती चौऱ्याऐंशीची. चर्चची चढण तिला आता चढवत नाही, आणि खांदा द्यायला खोऱ्यात कुणी राहिलेलं नाही. मग तिने विचारलं, "तिथे त्याला कुणी ओळखतं का?"

"मी ओळखतो," हमदुल्ला म्हणाला.

"मग तिथेच पुरा. पण दगडावर एकच एल घाला."

हमदुल्लाने तिला समजावलं, की पासपोर्टवर दोन आहेत, व्हिशावर दोन आहेत, मृत्यूच्या दाखल्यावरही दोनच आहेत. बाईने ऐकून घेतलं.

"पासपोर्ट पुरणार आहात का?"

"नाही, बाई."

त्याने तिचा पत्ता उतरवून घेतला. गावाचं नाव तिने एकेक अक्षर करून सांगितलं. फोन बंद झाला. काय म्हणाली ती, असं लायबाने दोनदा विचारलं. हमदुल्लाने हात वर करून तिला थांबवलं. मग कबरीचा दगड घडवणाऱ्याला द्यायच्या कागदावर, सत्तावीस वर्षं फॉर्म भरताना लिहायचा तशा मोठ्या अक्षरांत, त्याने साहेबांचं पूर्ण नाव लिहिलं. हाताने सवयीने दोन एल काढले. त्यातला एक त्याने सावकाश खोडला.