दहावा धडा

नवरा आंघोळीला गेला, आतून कडी लागली, तशी तिने खुंटीवरच्या त्याच्या सदऱ्याच्या खिशातून टेप काढला.

टेप म्हणजे मुठीत मावेल एवढा, हेडफोन लावून ऐकायचा. आत फ्रेंच शिकायची कॅसेट. तिने मागचं झाकण सरकवलं, आतले सेल आपल्या रेडिओत घातले आणि रेडिओतले मेलेले सेल टेपमध्ये बसवले. चालते सेल मुळात तिचेच होते. परवा कॅसेटची चाकं फिरताना दिसेनात, तेव्हा त्याने न विचारता अदलाबदल केली होती, आज तिने केली. रेडिओ पिशवीत गेला. पिशवी कालच भरून झाली होती.

आज ती थोरल्या बहिणीकडे जाणार होती, कायमची. पण जाण्याआधी त्याने एकदा तरी, कानात काही न घालता, आपलं बोलणं ऐकून घ्यावं असं तिला वाटत होतं. ऐकून 'राहा' म्हणाला असता, तर ती राहिली असती. एवढी ओल तिच्यात अजून शिल्लक होती.

कॅसेटचा संच मुलीने पाठवलेला. तिने परदेशात लग्न केलं, आणि सासरची माणसं फ्रेंचशिवाय दुसरं काही बोलत नाहीत. 'यायच्या आधी थोडं शिकून घ्या दोघं,' असं तिचं म्हणणं. मग दोघं रोज जेवणानंतर मोठ्या टेपरेकॉर्डरसमोर बसायची. कॅसेटमधली बाई एक वाक्य म्हणायची आणि थांबायची. तेवढ्या वेळात ते आपण म्हणायचं. तो गिऱ्हाईक व्हायचा, ती हॉटेलवाली.

"बाँझूर, मादाम," तो म्हणायचा.

"या वयात कसली मादाम," ती म्हणायची, आणि पदर तोंडाला लावून हसत सुटायची. नऊ धडे असे झाले. लग्नानंतरची सगळी वर्षं धुंडाळली तरी इतकं हसणं कुठे सापडलं नसतं.

दहाव्या धड्यात माणूस हॉटेलात जाऊन कॉफी मागतो. तिथे नवरोबांनी हेडफोन आणले. "तुझ्या भांड्यांच्या आवाजात उच्चार कळत नाहीत," म्हणाला. झालं. हॉटेलवालीची नोकरी गेली.

एवढं करून प्रगती म्हणावी, तर तीही नाही. वर्ष होत आलं तरी ती कॉफी संपेना. रोज तोच बाँझूर, तीच मादाम, आणि तेही सगळ्या गल्लीला पाठ होईल एवढ्या मोठ्याने. अकराव्या धड्याचं एक अक्षर त्याच्या तोंडून कधी आलं नाही.

या खुळापायी दुकानही गेलं. हयातभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, पण दुरुस्त केलेली गजराची घड्याळं एकामागून एक परत यायला लागली. "गजर वाजतच नाही हो," गिऱ्हाइकं कुरकुरली. "लक्ष लागत नाही हल्ली," तो घरी येऊन म्हणाला, "डोक्यात सारखं फ्रेंच." आणि दुकानाला कुलूप लावून आला.

मुलीचा फोन आला, की हिच्याकडे बोट. "तू बोल. माझा धडा चाललाय." जिच्यासाठी शिकायचं, तिच्याशी दोन शब्द बोलायला सवड नाही. हेडफोन काढून कधी बसलाच, तर बायकोच्या तोंडाकडे टक लावून बघायचा, जणू ही काहीतरी लपवतेय.

मागच्या महिन्यात तिचा बांध फुटला. तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. तिने ओट्यापाशी भाजी चिरता चिरता सगळं बोलून टाकलं. "मला या घरात जीव नकोसा झालाय. भिंतीही तुमच्यापेक्षा बऱ्या. मी ताईकडे जाते, परत येणार नाही."

त्याने मान डोलावली.

"मेर्सी," तो म्हणाला. धड्यातलं 'आभारी आहे'.

त्या दिवशी ती जेवली नाही. माणूस इतका निर्दय होऊ शकतो, याचंच तिला राहून राहून रडू येत होतं. त्याने ताटाकडे बघून विचारलं, "बरं नाही का?" आणि उत्तराची वाट न बघता हेडफोन चढवले.

कडी वाजली. तो आला, सदरा घातला, चहा घेतला, खिडकीपाशी खुर्चीत बसला. हेडफोन कानावर नीट बसवले आणि खिशावरूनच बटण दाबलं.

ती पिशवी घेऊन त्याच्या मागे उभी राहिली. आता हेडफोन निघतील, टेप आपटला जाईल, 'सेल कुठे गेले' म्हणून तो मागे वळेल. मग ती बोलणार होती. पहिलं वाक्य तिने सकाळपासून घोळवून ठेवलं होतं.

तो खिडकीबाहेर बघत राहिला. मग कोणी बोलून थांबावं आणि आपली पाळी यावी, तशी त्याने मान हलवली.

"बाँझूर, मादाम," तो म्हणाला.

तिला वाटलं, सेल चुकून तेच राहिले. तिने पिशवीतून रेडिओ काढला आणि बटण फिरवलं. रेडिओ खणखणीत वाजला. खुर्चीतली मान डोलतच होती.

तिने रेडिओ बंद केला.

"अहो," ती म्हणाली.

"झ वुद्रे अँ काफे," तो म्हणाला, आणि बाईने शाबासकी द्यावी एवढा वेळ थांबला.

"अहो." या वेळी ती इतक्या जोरात ओरडली, की समोरच्या घरातली शेजारीण हातातलं काम टाकून खिडकीशी आली. तिला बघून तो ओळखीचं हसला. मग डोळे मिटून, एक हात हेडफोनवर घट्ट दाबून, दुसऱ्या हाताने त्याने खिशातल्या टेपचा आवाज आणखी थोडा वाढवला.