उष्ट्याची बाटली

तारामतीनं फ्लास्क ॲसिटोननं विसळला आणि ते धुवण समोरच्या उष्ट्याच्या बाटलीत ओतून दिलं.

शिल्पानं पाहिलं.

नांदेडच्या त्या विद्यापीठात रसायनांच्या टाकाऊ मालाला ‘उष्टं’ म्हणत. एकाचं उष्टं दुसऱ्याच्यात घालायचं नाही आणि ॲसिडाच्या बाटलीचं झाकण गच्च लावायचं नाही, हा तिथला कायदा. कायदा शिल्पाचा. ती इतकी वर्षं पीएचडी करत होती की प्रयोगशाळेतल्या पाली तिला मावशी म्हणायला लागल्या होत्या. बाटलीवर तिच्याच अक्षरात ‘नायट्रिक’ असं ठळक लिहिलेलं होतं. पण वाचायला तारामतीनं खाली बघायला तर पाहिजे!

दोघी एकाच टेबलावर शिकलेल्या. तारामतीनं पीएचडी अर्धी टाकली आणि लातूरला कोचिंग क्लास काढला. आता तिथल्या चौकात तिचा एवढा मोठा फोटो लागला होता की कावळे नाकावर बसून सगळ्या गावावर नजर ठेवत. आज ती मुलांना प्रयोग दाखवायला पाहुणी म्हणून आली, तर विभागप्रमुख सरांनी स्वतः खुर्ची पुसून दिली.

“बघा, हात कसा चालतो!” सर मुलांना म्हणाले. “न्हाईतर आमची शिल्पा. उष्टं सांभाळून राहिलीय.”

मुलं हसली. तारामती हसली नाही, हे शिल्पाला जास्तच लागलं.

बाटलीत बुडबुडे आले. नायट्रिकमध्ये ॲसिटोन गेलं की ते तापतं, धुमसतं. शिल्पाला ते पाठ होतं. धुमसू दे, तिच्या मनात आलं. दोन-चार थेंब उडतील. त्या आमसुली रेशमी साडीला भोकं पडतील. जाईल मग लातूरपर्यंत पदर लपवत.

तेवढ्यात बोलता बोलता तारामतीनं त्या बाटलीचं झाकण लोणच्याच्या बरणीसारखं गच्च पिळलं आणि बाटलीसमोरच उभी राहिली.

आता साडीवर भागणार नव्हतं. बाटलीच्या गळ्याशी तांबूस धूर कोंडला होता, आणि बाटली नेमकी तारामतीच्या तोंडासमोर.

‘बाटली फुटेल’ म्हणावं, तर सगळे वाकून बघायला येणार. वर सर विचारणार, तू कधीपासून बघतेस?

“भूकंप!” शिल्पा ओरडली.

किल्लारीनंतर इकडच्या माणसाला हा शब्द दुसऱ्यांदा सांगावा लागत नसे. सगळ्यात आधी सर बाहेर. त्यांची चप्पल त्यांच्यामागून आली, असं बघणारे सांगतात. शिल्पानं तारामतीला दोन्ही हातांनी दाराबाहेर ढकललं, आणि आत धडाम झालं. काचा छताला जाऊन रुतल्या. झाकण उडालं ते विभागाच्या हिशेबानं अजून खाली आलेलं नाही.

मैदानात सगळे धापा टाकत उभे राहिले.

“लई मोठा धक्का होता. बाटल्यासुद्धा फुटल्या,” सर म्हणाले.

“माझं तर टेबल हातभर सरकलं, सर!”

“मला पायाखाली गुरगुरलेलं ऐकू आलं!”

ज्याला त्याला शेजारच्यापेक्षा मोठा धक्का बसला होता.

तारामती अनवाणी उभी होती. शिल्पाचा हात तिनं घट्ट धरून ठेवला होता.

“मला तर काहीच जाणवलं न्हाई गं,” ती म्हणाली. “तू होतीस म्हणून वाचले. तुला कसं कळलं आधी?”

शिल्पानं तिच्याकडे पाहिलं. आमसुली साडीवर एक डागसुद्धा नव्हता.

“आत हलून राहिलं होतं,” ती म्हणाली, आणि हात सोडवून घेतला.