खोल पाण्याचा पास

“सोबत पालक पाहिजेत,” नगरपालिकेच्या तलावावरचे मास्तर वृषालीच्या कुबड्यांकडे बघत म्हणाले.

“पालक ऐंशीच्या आहेत. त्यांना पोहता येत नाही.”

वृषाली सत्तेचाळीस वर्षांची होती. सेरेब्रल पाल्सी जन्मापासूनची. मुलांच्या दवाखान्याने मात्र अठराव्या वर्षीच फाइल बंद केली, जणू मोठं झाल्यावर पाल्सी आपोआप जाते. आता खुबे आखडत चालले होते. नियमित पोहलं नाही तर चालणंही जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि पास हवा तर न थांबता पंचवीस मीटर पोहून दाखवायचं, असा तलावाचा नियम.

ती पाण्यात उतरली. मास्तर बांबू घेऊन काठाने चालू लागले. पायांनी साथ दिली नाही; ती अपेक्षा तिने ठेवलीही नव्हती. हातांनीच पाणी कापत ती निघाली. मध्यावर नाकातोंडात पाणी गेलं.

“धरा, ताई!” मास्तरांनी बांबू पुढे केला.

“बाजूला घ्या तो! वाटेत येतोय!”

पलीकडच्या भिंतीला तिचा हात लागला, तेव्हा धाप मास्तरांनाच जास्त लागली होती.

“पासाला दोन फोटो लागतील,” ते कसेबसे म्हणाले.

“तुम्ही फॉर्म भरा, मी एक फेरी मारून येते.”