अडीच वळणं

शिंपी आणि त्याची बायको, दोघंही लहानपणीच्या तापात बहिरी झालेली. डॉक्टरांनी कानाचं चित्र दाखवलं: आत गोगलगायीसारखा शंख, अडीच वळणांचा. बायकोची वळणं मोकळी निघाली. ऑपरेशनमध्ये त्यांत तार बसवली आणि तिला ऐकू येऊ लागलं. शिंप्याची वळणं हाडाने बुजलेली, इलाज नव्हता. आता ती शेजारच्या कंडक्टरच्या विनोदांवर खिदळायची आणि शिंप्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आज जिन्यात दोघांना हसताना पाहून त्याला राहवेना. घरात येताच त्याने हातांनी विचारलं, “त्याचा आवाज एवढा गोड आहे?” “छे, फाटका,” तिची बोटं म्हणाली. “मग कुणाचा आवडतो?” “तुमचा. दाढी करताना तुम्ही गुणगुणता.” “मी?” “रोज. दाराआडून ऐकते.” शिंप्याने गालावर हात फिरवला. दाढी सकाळीच झाली होती. त्याने पुन्हा साबण फासला आणि बाथरूमचं दार सताड उघडं ठेवलं.