शेवटच्या दोन ओळी

घागरा वर खोचून अमॉस एंटविसल विंगेत उभा होता. अमॉस हॅडर्सली गावचा खाटीक. पण लढाईची वर्षं सोडली तर दर नाताळच्या पँटोमाइममधली, म्हणजे नाचगाण्यांच्या विनोदी नाटकातली, विधवा परटीण तोच. गालांना लाली, छातीवर दोन उशा. मिशी दर डिसेंबरात देवाघरी.

"शेवट बदललात का?" मिस क्रॅबट्रीने विचारलं. ती चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची आणि इथे वही घेऊन विसरभोळ्यांना ओळी पुरवायची.

"नाही."

"अहो, दोनच तर ओळी. दुसऱ्या लिहायच्या!"

"त्या पोरांना ह्याच माहीत आहेत."

पँटोमाइमच्या शेवटच्या दोन ओळी पहिल्या प्रयोगाआधी कोणी उच्चारत नाही. वहीतही ते पान कोरंच ठेवतात. नाहीतर अपशकुन होतो. चार वर्षांपूर्वी तालमीत, बायका चहाला गेल्या असताना, कोरसमधल्या पाच गिरणीकामगार पोरांना हसवायला अमॉसने त्या बोलून दाखवल्या. पोरं पोट धरून हसली. पंधरा दिवसांत पाचही जण पलटणीत गेले आणि नाटक रद्द झालं. परत एकही आला नाही. अमॉसला कोणी बोल लावला नाही, कारण परवा त्याने मिस क्रॅबट्रीला सांगेपर्यंत हे कोणाला ठाऊकच नव्हतं. ओळी मात्र त्याने तिलाही सांगितल्या नाहीत.

आज शनिवार दुपारचा पहिलाच खेळ, नाटक तेच. कोरसच्या मुली रांगेत उभ्या होत्या आणि मधोमध पाच जणांची जागा मोकळी होती. नाटक बसवणाऱ्या मास्तरांनी तालमीत "जवळ सरका" म्हणून घसा फोडला होता. पण मुलींच्या पायांना जुन्याच जागा माहीत.

अमॉस पुढे आला. पहिल्या रांगेत पाचांतल्या धाकट्या रॅल्फची आई संत्रं सोलत बसली होती.

"धुणं सरलं, साबण सरला, सरला आमचा खेळ..."

पुढची ओळ त्याला म्हणवेना. रॅल्फच्या आईचे हात थांबले. अमॉसने विंगेकडे पाहिलं. मिस क्रॅबट्रीने हताशपणे वही त्याच्याकडे वळवली. पान कोरं.

तेवढ्यात त्याच्या पाठीमागे, रांगेतल्या मोकळ्या जागेतून, कोणीतरी फिसकन हसलं. आणि दबक्या आवाजात कोणी म्हणालं, "सगळे सुखरूप..."

"सगळे सुखरूप घरी जा," अमॉस बोलून गेला, "झाली जायची वेळ!"

टाळ्यांत पडदा पडला. शेवटच्या नमस्कारासाठी सगळे रांगेत आले.

"एडिथ, पडद्याच्या दोरांत काय शिरतेस?" मिस क्रॅबट्री विंगेतून खेकसली. "मध्ये सरक की!"

"सरकू कुठं, मिस?" टोकाची एडिथ वैतागून म्हणाली. "इथं दाटी बघा केवढी झालीय!"

अमॉसने मागे वळून पाहिलं नाही. पसरलेला घागरा आवरून घेतला आणि जागा करून दिली.